पेनड्राइव्ह तोच, मशिनं तीन, आणि लिनक्स तिन्हीवर वेगवेगळ्या जागी अडकतंय

काळव्याला अभ्यासिका चालवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आलाय, थोडक्यात असा. देणगीत तीन जुनी मशिनं मिळालीत, एक ऑफिसातून निघालेला लॅपटॉप, एक त्याहून बराच जुना २ जीबी रॅमवाला लॅपटॉप आणि एक डेस्कटॉप. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ह्यातल्या एकावरही जात नाही, म्हणून १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर रुफस नावाच्या साधनाने पपी लिनक्स (जुन्या मशिनांवर चालणारं हलकं लिनक्स) टाकलं. ऑफिसवाला लॅपटॉप पेनड्राइव्हला विचारतच नाही, सरळ विंडोज उघडतो. जुन्या लॅपटॉपवर काळी स्क्रीन आणि कोपऱ्यात लुकलुकणारा कर्सर, बास. डेस्कटॉपवर पपीचा मेनू येतो, ओळी सरकतात आणि मग एसएफएस फाइल सापडत नाही असं सांगून थांबतो. पेनड्राइव्ह खराब आहे का, नवीन घेऊ का, की पपी सोडून दुसरं काही टाकू? आणि एक छोटा नेटबुक पण मिळतोय, तो घेऊ का?

ताई, पेनड्राइव्ह घ्यायला लगेच धावू नका आणि पपीही सोडू नका. तुम्ही प्रत्येक मशीन नेमकं कुठे थांबतं ते लिहिलंत त्यातच निम्मं काम झालंय, नाहीतर माझ्याकडे नौपाड्यात लोक मशीन घेऊन येतात ते "बूट होत नाही" एवढंच म्हणतात आणि समोर चालू करून बघितल्याशिवाय काहीच कळत नाही. तुमच्याकडे एक बिघाड नाहीये, तीन वेगळे आहेत, आणि ते वेगळे का ते कळलं की पुढच्या वेळी तुम्हाला कोणाला विचारायची गरजच पडणार नाही.

पेनड्राइव्हवरून सिस्टम चालू होते तेव्हा तो पेनड्राइव्ह दोन वेगवेगळे जण वाचतात. सुरुवातीला मदरबोर्डवरचं बायोस किंवा नव्या मशिनांमध्ये यूईएफआय, म्हणजे मशीन चालू करणारा छोटा प्रोग्राम, वाचतं. ते पेनड्राइव्ह शोधतं, त्यावरचा बूटलोडर चालवतं, बूटलोडर मेनू दाखवतो आणि कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा असलेली फाइल आणि इनिटआरडी नावाची सुरुवातीची मदतनीस फाइल रॅममध्ये आणून ठेवतो. इथपर्यंत सगळं वाचन बायोसच्या हातून चाललेलं असतं. मग कर्नल चालू होतो, बायोसला बाजूला करतो आणि स्वतःच्या ड्रायव्हरने तोच पेनड्राइव्ह पुन्हा नव्याने शोधायला लागतो, कारण खरी सिस्टम त्या मोठ्या एसएफएस फाइलमध्ये असते. म्हणून होतं काय की मेनू व्यवस्थित दिसतो, लोकांना वाटतं पेनड्राइव्ह वाचला जातोय, आणि दोन मिनिटांनी लिनक्स म्हणतं मला पेनड्राइव्हच दिसत नाही. दोन्ही खरं असतं. थांबलं तेव्हा वाचणारा कोण होता हे ठरवलं की अर्ध्या शंका आपोआप बाद होतात. तुमचा ऑफिसवाला लॅपटॉप आणि जुना लॅपटॉप पहिल्या टप्प्यात अडकलेत, त्यामुळे तिथे पपी, अँटीएक्स, मिंट असं लिनक्सचं कुठलंही रूप बदलून बघण्यात आत्ता फारसा अर्थ नाही (सिक्युअर बूटचा अपवाद पुढे येतो), लिनक्सची पाळीच आलेली नाही अजून. डेस्कटॉप दुसऱ्या टप्प्यात अडकलाय.

मशिनांना हात लावायच्या आधी फक्त दोन गोष्टी. डाउनलोड केलेली आयएसओ, म्हणजे पेनड्राइव्हवर लिहायची मूळ फाइल, नीट उतरलीय का ते तपासा, विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून सर्टयुटिल कमांड, हॅशफाइल पर्याय, फाइलचं नाव आणि शेवटी एसएचए२५६ असं दिलं की एक लांबलचक आकडा येतो, तो पपीच्या डाउनलोड पानावर दिलेल्या आकड्याशी जुळला पाहिजे. तिथे एमडी५ चा आकडा दिला असेल तर शेवटी एमडी५ टाका. दुसरं म्हणजे पेनड्राइव्ह खरंच १६ जीबीचा आहे का. स्टेशनबाहेर स्वस्तात मिळणारे काही पेनड्राइव्ह आत ४ नाहीतर ८ जीबीचे असतात आणि कॉम्प्युटरला खोटी साइज सांगतात, त्यांच्यावर लिहिलेलं सुरुवातीचं टिकतं आणि पुढचं हवेत जातं. पपीच्या बऱ्याच आयएसओ १ जीबीच्या आत असतात म्हणून पपी चालून जातं, पण मुलांनी सेव्ह केलेलं काम गायब व्हायला लागतं आणि दोष लिनक्सला मिळतो. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ ही दोन्ही फुकट साधनं पूर्ण जागा भरून परत वाचून बघतात, रात्रभर लावून ठेवा.

आता ऑफिसवाला लॅपटॉप. हा यूईएफआयवाला आहे आणि सरळ विंडोजमध्ये जातोय, तर बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण निघतं. एक, तुम्ही शटडाउन करता ते विंडोज १० मध्ये पूर्ण शटडाउन नसतंच, फास्ट स्टार्टअप चालू असेल तर कर्नल हायबरनेट होतो आणि पुढच्या वेळी इतक्या झपकन वर येतो की बूट मेनूचं बटण दाबायला वेळ मिळत नाही. त्यामुळे शिफ्ट दाबून ठेवा आणि रीस्टार्ट करा, निळी स्क्रीन येते त्यात यूज अ डिव्हाइस असा पर्याय असतो, तिथे पेनड्राइव्ह दिसतो का बघा. बटणं म्हणाल तर डेलला एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९, लेनोव्होला एफ१२ किंवा बाजूचं बारीक नोव्हो बटण, आसुसच्या लॅपटॉपला एस्केप. एसरला एफ१२ आहे पण बऱ्याच मॉडेलवर तो बायोसमध्ये आधी चालू करावा लागतो, लोक तासभर एफ१२ दाबत बसतात आणि काही होत नाही ते ह्यामुळे.

दोन, सिक्युअर बूट, म्हणजे सही (साइन) केलेलाच बूटलोडर चालू द्यायचा यूईएफआयचा नियम. पपीच्या बऱ्याच आवृत्त्यांचा बूटलोडर साइन केलेला नसतो, यूईएफआय त्याला नाकारतं आणि काही मशिनं तर काही न बोलता पुढच्या पर्यायाकडे म्हणजे विंडोजकडे जातात. सेटअपमध्ये जाऊन सिक्युअर बूट डिसेबल करायचं. एसरच्या लॅपटॉपवर हा पर्याय राखाडी दिसतो, आधी सुपरवायझर पासवर्ड सेट केला की तो उघडतो. पण थांबा, हे करायच्या आधी विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागणारं कुलूप, चालू आहे का बघा, ऑफिसच्या मशिनांवर असतंच बहुतेक, आणि सिक्युअर बूट बदललं की ते ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती की कंपनीकडे असते, तुमच्याकडे नाही. आतलं काही ठेवायचं नसेल तर प्रश्न नाही, ठेवायचं असेल तर आधी बिटलॉकर सस्पेंड करा किंवा डेटा काढून घ्या. आणि ऐरोली-महापेच्या कंपन्यांमधून निघालेल्या लॅपटॉपवर बायोसचा पासवर्ड लावलेला असण्याची शक्यता खूप, ऑफिसवाल्या मॉडेलांमध्ये तो वेगळ्या चिपमध्ये राहतो, मदरबोर्डवरचा सेल काढून जात नाही. ज्यांनी देणगी दिली त्यांनाच सांगा की तुमच्या आयटीवाल्यांकडून पासवर्ड काढून द्या, त्यांच्यासाठी ते पाच मिनिटांचं काम आहे आणि ते मागण्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

तीन, पेनड्राइव्हवर यूईएफआयला हवं ते आहेच का. पेनड्राइव्ह विंडोजमध्ये उघडा, त्यात ईएफआय नावाचा फोल्डर, त्याच्या आत बूट, आणि त्यात बूटएक्स६४ नावाची फाइल दिसली पाहिजे, आणि पेनड्राइव्ह फॅट३२ असला पाहिजे. पपीच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये हा फोल्डर नसतो. नसेल तर सेटअपमध्ये लेगसी किंवा सीएसएम (जुन्या बायोससारखं चालू व्हायची सोय) चालू करून बूट होईल, पण तेव्हा आतलं विंडोज उघडणार नाही, घाबरू नका, सेटिंग परत फिरवलं की ते परत येतं. बूट मेनूमध्ये कधी कधी एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नावाआधी यूईएफआय लिहून आणि एकदा तसाच, दोन्ही निवडून बघायचे.

जुन्या लॅपटॉपवर नेमकं उलटं आहे. तिथे यूईएफआय नाही, साधं बायोस आहे, आणि बायोस पेनड्राइव्हच्या अगदी पहिल्या ५१२ बाइट्समध्ये असलेला छोटा कोड उचलतं आणि चालवतं. लुकलुकणारा कर्सर म्हणजे बायोसने काहीतरी उचललं, चालवलं, आणि त्या कोडला पुढे काही सापडलं नाही. मला सगळ्यात आधी रुफसमधलं पार्टिशन स्कीम (पेनड्राइव्हची विभागणी कुठल्या पद्धतीने लिहायची ते) विचारावंसं वाटतं. तिथे जीपीटी निवडलं गेलं असेल तर तो पेनड्राइव्ह फक्त यूईएफआयसाठी बनतो. एमबीआर निवडा, फाइल सिस्टम फॅट३२, आणि खाली ड्राइव्हच्या प्रगत पर्यायांमध्ये जुन्या बायोससाठी दुरुस्त्या टाकायचा एक चौकोन आहे त्यावर टिक करा. मध्येच रुफस विचारेल की आयएसओ मोडमध्ये लिहू की डीडी मोडमध्ये, पपीसाठी मी आयएसओ मोड पसंत करतो कारण मग पेनड्राइव्हवर नंतर लिहिता येतं, सेव्हफाइल (पपीवर केलेलं काम साठवणारी फाइल) ठेवता येते, मेनूची फाइल बदलता येते. डीडीने लिहिलं की तो सीडीसारखा फक्त वाचायचा होतो. पण आयएसओ मोडने जुनं मशीन उठतच नसेल तर डीडी एकदा जरूर करून बघा, काही बायोस त्यालाच मान देतात. आणि कोणी तुम्हाला लिनक्सवरून डीडी कमांडने लिहायला सांगितलं तर आधी एलएसबीएलकेने डिस्कची नावं बघा आणि पूर्ण डिस्कवर लिहा, म्हणजे पेनड्राइव्ह एसडीबी नावाने दिसत असेल तर एसडीबीवर, एसडीबी१ (त्यावरचं पहिलं पार्टिशन) वर नाही. एसडीबी१ वर लिहिलं की बूट कोड आपल्या जागेवर बसतच नाही आणि असाच कर्सर लुकलुकत राहतो.

ह्या काळातल्या बायोसच्या अजून काही सवयी आहेत. पेनड्राइव्ह आधी लावून मगच सेटअपमध्ये जायचं, नाहीतर तो यादीत येत नाही. यादीत तो रिमूव्हेबलमध्ये शोधू नका फक्त, बऱ्याच ठिकाणी हार्ड डिस्क ड्राइव्हज नावाच्या आतल्या यादीत असतो आणि तिथे त्याला हार्ड डिस्कच्या वर न्यावं लागतं. यूएसबी-एचडीडी, यूएसबी-झिप असे पर्याय दिसले तर आधी एचडीडी. काही बायोस मोठ्या पेनड्राइव्हवर गोठतात, घरात जुना ४ किंवा ८ जीबीचा पडला असेल तर तो वापरा. एवढं करूनही नाही झालं तर मशिनला सीडी ड्राइव्ह आहे का बघा, प्लॉप बूट मॅनेजर नावाचं छोटं साधन सीडीवर टाकून त्यातून यूएसबी चालू करता येतं, बायोसला यूएसबी बूट माहीतच नसलं तरी.

"मिसिंग ऑपरेटिंग सिस्टम" किंवा "फेल्ड टू लोड एलडीलिनक्स" असं काही दिसलं तर तेही ह्याच टप्प्यातलं, पेनड्राइव्ह पुसून परत लिहा. पुसायला विंडोजमधलं डिस्कपार्ट चांगलं आहे, लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क, क्लीन, फक्त डिस्कचा नंबर तीनदा वाचा कारण क्लीन खात्री करत नाही, चुकीची डिस्क असली तरी तिचं पार्टिशन टेबल उडवून मोकळं होतं.

डेस्कटॉपवर मला जास्त वेळ घालवायचाय कारण इथेच लोक सगळ्यात जास्त चुकीच्या दिशेने जातात. मेनू आला, कर्नल चालू झाला, म्हणजे बायोसचं काम संपलं. आता लिनक्सला स्वतःला पेनड्राइव्ह सापडला नाही, किंवा पेनड्राइव्ह सापडला पण त्यावरची एसएफएस नाही सापडली. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या ओळखायची सोय त्याच स्क्रीनवर आहे. पपी थांबल्यावर तुम्हाला एका छोट्या कन्सोलवर सोडतं, तिथे कमांड देता येतात. कॅट, जागा, मग स्लॅश प्रॉक स्लॅश पार्टिशन्स असं टाइप करून एंटर करा. हार्ड डिस्क सहसा एसडीए म्हणून दिसेल. तिच्याखाली साधारण १६ जीबीची एसडीबी दिसतेय का? उबंटू किंवा डेबियनवाल्या सिस्टम ज्या इनिटरॅमएफएस लिहिलेल्या प्रॉम्प्टवर सोडतात तिथेही हीच कमांड चालते. ह्या एका उत्तरावर पुढचं सगळं ठरतं.

एसडीबी दिसत नसेल तर पोर्टचा प्रश्न. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचे पोर्ट आत एका वायरने मदरबोर्डला जोडलेले असतात, ती वायर सैल झालेली असते नाहीतर पोर्टमध्ये गंज चढलेला असतो, काळव्याला खाडी बाजूलाच, पावसाळ्यात बंद खोलीत पडून राहिलेल्या मशिनांचे पोर्ट मी हिरवे झालेले बघितलेत. मागचा, थेट मदरबोर्डवरचा, काळ्या रंगाचा यूएसबी २ पोर्ट वापरा, निळा नको. बायोसमध्ये एक्सएचसीआय हँड-ऑफ किंवा ईएचसीआय हँड-ऑफ असं सेटिंग असेल तर एनेबल करा, बायोसने यूएसबीचा ताबा लिनक्सकडे सोडायचा की नाही ते तिथे ठरतं, म्हणजे वर जे दोन वाचणारे म्हणालो त्यांच्यातली देवाणघेवाण. कन्सोलवर कीबोर्डच चालत नसेल तर तीही मोठी खूण आहे, सगळी यूएसबीच गेलीय, मग जुना गोल पिनचा पीएस/२ कीबोर्ड लावा आणि काम करा.

एसडीबी दिसत असेल तर फाइल किंवा पॅरामीटर. पेनड्राइव्ह विंडोजमध्ये उघडा, डाउनलोड केलेल्या आयएसओवर डबल क्लिक करून तीही उघडा, आणि दोन्हीकडच्या एसएफएस फाइलींची नावं आणि साइज शेजारी ठेवून बघा. नाव एका अक्षरानेही बदललेलं नको. साइज कमी भरली तर कॉपी अर्धवट राहिलीय, आणि हे फार होतं, रुफस झालं म्हणालं की लोक लगेच उपसून काढतात. इजेक्ट करा, संदेश येईपर्यंत थांबा, मग काढा. साइज बरोबर असेल तर मेनू दिसतो तेव्हा, सिसलिनक्स नावाच्या बूटलोडरचा असेल तर टॅब दाबून आणि ग्रबचा असेल तर ई दाबून, कर्नलच्या ओळीत पीमीडिया (पपी कुठल्या प्रकारच्या माध्यमावर आहे ते) काय दिलंय ते वाचा. सीडी लिहिलेलं असेल तर त्याजागी यूएसबीफ्लॅश करा. आणि आधी कधी सेव्हफाइल बनवली असेल आणि तीच बिघडलेली असेल तर पीफिक्स=रॅम लिहून बघा, त्याने जुनं सेव्ह केलेलं सगळं बाजूला ठेवून कोरं पपी उघडतं. हे चाललं तर पेनड्राइव्ह, पोर्ट, एसएफएस तिन्ही ठीक आहेत हे एका फटक्यात कळतं.

ओळी सरकताना स्क्वॉशएफएस एरर (एसएफएस फाइल नीट वाचता येत नाही) असं दिसलं तर कॉपी बिघडलेली असते, नाहीतर पेनड्राइव्ह किंवा रॅममध्ये दोष असतो. पेनड्राइव्ह एच२टेस्टडब्ल्यूमध्ये पास झाला असेल तर मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा, देणगीच्या मशिनांमध्ये रॅम काढून परत घट्ट बसवल्यानेही काम होतं.

तुम्ही अभ्यासिका बंद करताना मेन स्विच पाडत असणार. डेस्कटॉपमधला सीआर२०३२ सेल संपलेला असेल तर रोज रात्री तारीख आणि बूट ऑर्डर दोन्ही विसरली जाणार, आज लावलेलं सेटिंग उद्या सकाळी नसणार. सेटअप उघडल्यावर तारीख भलतीच जुनी दिसली तर आधी सेल बदला, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो.

एकदा बूट झालं आणि स्क्रीन काळीच राहिली तर नोमोडसेट हा शब्द कर्नलच्या ओळीत जोडा, तो ग्राफिक्सचा वेगळा विषय आहे आणि बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतो.

काय टाकायचं ते विचारलंत म्हणून माझं मत. डेस्कटॉप आणि जुन्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हवरून चालवायला पपी चांगलंच, रॅम पुरत असेल तर पीफिक्स=कॉपीने सगळं रॅममध्ये जातं आणि सेव्हफाइल पेनड्राइव्हवर ठेवली नसेल तर तो काढून पुढच्या मशिनला लावता येतो, तुमच्यासारख्यांना हे फार उपयोगाचं. पण पपी मुळात रूट म्हणून चालतं, म्हणजे समोर बसलेला कोणीही सगळं काही बदलू शकतो, जिथे रोज वेगवेगळी मुलं बसणार तिथे कायमचं म्हणून मला ते पटत नाही. म्हणून कायमचं टाकायचं तर जुन्या लॅपटॉपवर अँटीएक्स इन्स्टॉल करा, आणि ऑफिसवाल्यावर ४ जीबी किंवा जास्त रॅम असेल तर लिनक्स मिंट एक्सएफसीई. मिंटचा बूटलोडर साइन केलेला असतो म्हणून सिक्युअर बूट चालू ठेवूनही जातं, फक्त आयएसओ ताजी घ्या, ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका अपडेटनंतर जुन्या लिनक्स पेनड्राइव्हवर एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड असा संदेश यायला लागला आणि भरपूर लोकांना वाटलं पेनड्राइव्ह गेला.

एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि जे दिसेल त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पोर्ट, पेनड्राइव्ह आणि सेटिंग एकदम बदललं आणि चाललं तर कशामुळे चाललं ते कळत नाही आणि पुढच्या मशिनला परत पहिल्यापासून.

नेटबुकचं म्हणाल तर घ्यायच्या आधी प्रोसेसर बघा. अ‍ॅटम एन२७० असेल तर तो फक्त ३२ बिट, त्यावर तुमचा आत्ताचा पेनड्राइव्ह ६४ बिटचा असेल तर कर्नल स्वच्छ सांगेल की मला एक्स८६-६४ लागतो आणि इथे आय६८६ आहे. एन४५० असेल तर ६४ बिट चालतं. ३२ बिटचे पर्याय आटत चाललेत, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटचा इन्स्टॉलर देणं बंद केलं, त्यामुळे डेबियन १२ वर बेतलेलं अँटीएक्स २३ किंवा बुकवर्मपप३२ हे घ्यायचं. १ जीबी रॅमवर ब्राउझर रडवतो, पण प्रश्नपत्रिकांच्या पीडीएफ वाचायला आणि टायपिंगच्या सरावाला ते मशीन अजून छान चालेल, बॅटरी फुगलेली नाहीये एवढं हाताने तपासून घ्या.